फोटोत न दिसलेला तडा

आम्ही खर्डीहून बोलतोय. शहापूर-मुरबाडच्या ज्या ज्या पाड्यांवर आपला आवाज पोचतोय, तिथल्या सगळ्या बायांना, आशाताईंना, आणि रेडिओ लावून भाकऱ्या थापत बसलेल्या आज्यांना आमचा रामराम.

आज जुनी गोष्ट सांगायची आहे. जुनी म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी, आणि ती सुरू होते परमुलखातल्या शिपायांच्या पायांपासून. पण ती सांगायचं कारण आपल्या घरातलंच आहे, म्हणून आधी ते सांगतो.

आमच्या गटातली एक बाई. गोष्ट सांगा पण नाव नको, असं तिनेच बजावलंय. वय चाळिशीच्या आसपास, तीन बाळंतपणं झालेली. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या पाड्याची विहीर आटली. टँकर येईल त्या दिवशी येई. बाकी दिवस ओहोळात खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायचं. एरवी तीन खेपा व्हायच्या, त्या सहा-सात झाल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि येताना सगळा चढ. मे महिना असा गेला, आणि पाऊस पडल्यावर लगेच लावणी. तेव्हा तिच्या जांघेत दुखायला लागलं. पाय टेकला की कळ यायची, बसलं की कमी व्हायची. सासू म्हणाली उसण भरली. शेजारीण म्हणाली वात आहे. तेल चोळून झालं, शेकून झालं. शेवटी एका दवाखान्यात जाऊन तिने खुब्याचा फोटो काढला. फोटो चांगला आला. हाड ठीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या.

फोटो चांगला आल्याचा आनंद किती असतो हे तुम्हाला सांगायला नको. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरली. त्यानंतर बाराव्या दिवशी रोपांच्या मुठी घेऊन बांधावर चढताना ती पडली. पडली म्हणून हाड मोडलं, असं सगळे म्हणतात. ती मात्र अजून सांगते की आधी आत कटकन आवाज आला, आणि मग मी पडले. या वेळच्या फोटोत खुब्याचं हाड सरळसरळ तुटलेलं दिसत होतं. ऑपरेशन झालं. आज ती चालते, पण एक पाय थोडा आखूड आहे, आणि डोक्यावर हंडा घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.

आम्हाला प्रश्न पडला की पहिल्या फोटोत का दिसलं नाही? मशीन बिघडलेलं होतं? डॉक्टरांनी नीट बघितलं नाही? आम्ही पुढे दोन-तीन हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे ऐकलं ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मशीन चांगलं असू शकतं, बघणाराही चांगला असू शकतो, आणि तरीही तडा फोटोत नसतो. हे माणसांना कळायला फार वर्षं लागली. तीच ही गोष्ट.

तेव्हाचं प्रशिया म्हणजे आताचा जर्मनी. तिथल्या सैन्यात ब्राइटहाउप्ट नावाचा डॉक्टर होता. १८५५ साली त्याने लिहून ठेवलं की लांब कूच करून आलेल्या शिपायांचे पाय सुजतात, दुखतात, आणि त्यांना लागलेलं तर काहीच नसतं. (त्याच १८५५ साली आगगाडी आपल्या वाशिंदपर्यंत आली होती. खर्डीला यायला आणखी पाच-सहा वर्षं होती.) या डॉक्टरला वाटलं की शिरांना, स्नायूंना सूज येत असावी. हाडाचा संशय त्याला आला नाही. जिवंत माणसाच्या कातडीखालचं हाड बघायची सोयच नव्हती तेव्हा. जे दिसत नाही त्याला नाव काय देणार?

चाळीस वर्षं अशीच गेली. मग १८९५ च्या नोव्हेंबरात त्याच जर्मनीत राँटजेन नावाच्या प्राध्यापकाला असे किरण सापडले की ते मांसातून आरपार जातात आणि हाडापाशी अडतात. नाव सुचेना म्हणून त्याने त्यांना एक्स म्हटलं, तेच आपले एक्स-रे. २२ डिसेंबरला त्याने बायकोचा हात त्या किरणांखाली धरला. तिचं नाव ॲना बर्था. हाडं आणि बोटातली अंगठी एवढंच त्या चित्रात उमटलं. माणसाच्या अंगाचा जगातला पहिला गाजलेला हाडांचा फोटो एका बाईच्या हाताचा आहे, हे आम्हाला फार आवडलं. राँटजेनने या शोधाचा हक्क स्वतःकडे ठेवला नाही, पेटंट घेतलं नाही. त्यामुळे मशीन भराभर सगळीकडे पसरलं. दोनच वर्षांत, १८९७-९८ मध्ये, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या लढाईत एका इंग्रज डॉक्टरने ते नेलं होतं, जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला.

आणि १८९७ मध्येच स्टेशोव नावाच्या जर्मन लष्करी डॉक्टरने सुजलेल्या पायांच्या शिपायांचे एक्स-रे काढले. पंज्याची हाडं मोडलेली निघाली! ठेच नाही, मार नाही, नुसतं चालून चालून हाडाला तडा. कूच करून येतो म्हणून त्याला मार्च फ्रॅक्चर असं नाव पडलं. आज डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. आम्ही त्याला ओझ्याचा तडा म्हणतो.

हे होतं कसं, तेही जरा सांगतो. आपल्याला वाटतं हाड म्हणजे लाकूड, एकदा वाढलं की तसंच राहतं. तसं नाही. हाड जिवंत असतं. जुना भाग रोज थोडा थोडा खरवडला जातो आणि त्या जागी नवा भरला जातो, दरवर्षी आपण घराची भिंत सारवतो तसं. काम हळूहळू वाढलं तर हाडही हळूहळू दणकट होतं. पण एकाएकी ओझं वाढलं तर खरवडणं पुढे जातं आणि भरणं मागे राहतं. त्या मधल्या काळात हाड कच्चं असतं. म्हणून असा तडा जुन्या शिपायाला कमी आणि नव्या भरतीच्या पोराला पहिल्या काही आठवड्यांत जास्त पडतो. आता आपलं वर्ष आठवा. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या खेपा दुप्पट होतात. जूनमध्ये वीटभट्टीवरून परतलेली बाई दुसऱ्या दिवशी लावणीला उभी राहते. नव्या भरतीचा पहिला महिना आपल्याकडे दरवर्षी येतो.

पंज्याचं कळलं, पण खुब्याचं काय? खुब्याच्या हाडाच्या मानेला असा तडा पडतो हे १९०५ साली ब्लेखर नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा मांडलं. मान म्हणजे कोणती जागा? मांडीचं हाड सरळ वर जातं आणि टोकाशी आत वळतं. त्या वळलेल्या भागाला मान म्हणतात आणि तिच्या टोकाला गोळा असतो. हा गोळा कंबरेच्या हाडाच्या वाटीत फिरतो. आपलं सगळं वजन आणि डोक्यावरचा हंडा त्या वाकड्या मानेवरून पायात उतरतो. आंब्याच्या आडव्या फांदीवर पोरं चढून बसली की काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. फांदीची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. खुब्याच्या मानेचंही तसंच.

इंग्लंडमध्ये मायकेल डेवास नावाचे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी १९६५ साली नेमकं हेच दाखवलं. तडा खालच्या, दाबल्या जाणाऱ्या बाजूला असेल तर तो बहुतेक वेळा सरकत नाही. पायावर वजन टाकलं नाही तर काही आठवड्यांत भरून येतो. वरच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूला असेल तर तो उकलत जातो, आणि एक दिवस हाड दोन तुकडे होऊन सरकतं. मग गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या नसा तुटू शकतात आणि गोळाच मरतो. म्हणून वरच्या बाजूच्या तड्याला डॉक्टर सहसा लगेच स्क्रू घालतात, वाट बघत नाहीत. जागा केवढीशी, पण त्यावर सगळं ठरतं, एक बाई दोन महिन्यांत शेतात जाते आणि दुसरी आयुष्यभर लंगडते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एक्स-रेला का दिसत नाही? एक्स-रे म्हणजे सावली आहे. दिव्यापुढे हात धरला की भिंतीवर पडते तशी. हाडात फट पडली किंवा तुकडा हलला तर सावलीत फरक पडतो. पण सुरुवातीला तडा केसाहून बारीक असतो आणि काहीच हललेलं नसतं. मग सावलीत काय दिसणार? दोन-तीन आठवड्यांनी हाड स्वतःला सांधायला लागतं, नवा भाग घालतं, तेव्हा कुठे एखादी पांढुरकी रेघ दिसते. आणि कधी कधी तीही दिसत नाही. बाजारात मडकं घेताना आपण नुसतं बघत नाही. टिचकी मारतो. डोळ्याला न दिसलेली चीर कानाला कळते. हाडाला मारायची तशी टिचकी डॉक्टरांना बरीच वर्षं सापडली नव्हती.

ती सापडण्यात आपल्या देशातल्या एका माणसाचा हात आहे. गोपाल सुब्रमण्यन हे भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत काम करत होते. १९७१ साली त्यांनी आणि जॉन मॅकॅफी यांनी टेक्निशियम नावाच्या किरण सोडणाऱ्या पदार्थाला फॉस्फेटची अशी जोड दिली की सुईने शिरेत दिल्यावर तो हाडात जाऊन बसतो, आणि जिथे हाड नव्याने भरलं जातंय तिथे जास्त बसतो. दोन-तीन तासांनी कॅमेऱ्याखाली झोपवलं की ती जागा काळीभोर उठून दिसते. याला बोन स्कॅन म्हणतात. एक्स-रेला रेघ दिसायच्या कितीतरी आधी, तडा पडल्यावर थोड्याच दिवसांत, हे दिसतं. बघायची पद्धतच बदलली. हाड दिसतं कसं, याऐवजी हाड आत काय करतंय, असं विचारायला सुरुवात झाली.

अशा तपासण्यांसाठी मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, टाटा हॉस्पिटलच्या शेजारीच. कसाऱ्याच्या लोकलने परळला उतरून केईएमला किंवा टाटाला आपल्यातल्या किती बायांनी चकरा मारल्यात. त्याच रस्त्यावर अणूच्या शास्त्राचा असाही उपयोग होतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. बोन स्कॅनची एक अडचण मात्र आहे. काहीतरी चाललंय एवढं तो सांगतो. तडा आहे, की गाठ, की जंतूंची बाधा, हे नेमकं सांगायला तो कमी पडतो.

त्याच १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनवर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. तीही बाईच होती, तिच्या डोक्याची तपासणी होती. हाडाचे तुकडे बघायला सीटी छान, पण खुब्याच्या अगदी नव्या तड्यासाठी त्याच्यावर कुणी फारसं विसंबत नाही, म्हणून ते सोडून पुढे जातो.

पुढे आला एमआरआय. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या लॉटरबर यांनी त्याचं पहिलं चित्र काढलं, इंग्लंडच्या मॅन्सफिल्ड यांनी ते वेगवान केलं, दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. यात एक्स-रेचे किरण नसतात, मोठं लोहचुंबक असतं. आणि ते बघतं मुख्यतः पाणी आणि चरबी. हाडाला तडा पडायला लागला की आतल्या मगजात सूज येते. सूज म्हणजे पाणी, आणि ते या चित्रात चकाकतं. आमच्या त्या मैत्रिणीला आम्ही हे समजावून सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, पाणी वाहून वाहून हाड गेलं आणि ते शोधायलाही पाणीच लागतं म्हणा की!

आज खुब्याच्या अशा तड्यासाठी सगळ्यात भरवशाची तपासणी एमआरआयच मानतात. पहिल्या काही दिवसांतच तडा दिसतो, वरच्या बाजूला आहे की खालच्या तेही कळतं. क्रिकेट बघणाऱ्यांना आठवत असेल, २०१९ मध्ये जसप्रीत बुमराहच्या पाठीच्या हाडातला असाच बारीक तडा नेहमीच्या तपासणीच्या स्कॅनमध्ये सापडला आणि त्याला लगेच खेळातून काढलं. त्याच्या हाडांवर सगळ्या देशाचं लक्ष होतं. हंडा वाहणारीच्या हाडांवर कोण लक्ष ठेवणार?

आम्ही हे चिडून विचारतोय असं वाटेल, आणि थोडे चिडलेलोही आहोत. तानसा धरण आपल्याच शहापूर तालुक्यात १८९२ मध्ये बांधून झालं. भातसाही इथलंच. मुंबईचे नळ आपल्या डोंगरांच्या पाण्यावर चालतात, आणि मे महिन्यात आपले पाडे टँकरची वाट बघतात. ज्या हाडांतून हे पाणी वर चढतं त्यांची पुस्तकं फार उशिरा लिहिली गेली. पहिली कितीतरी वर्षं या आजाराची सगळी माहिती पुरुष शिपायांची आहे.

बायांच्या हाडांकडे लक्ष गेलं ते दुसऱ्या वाटेने. १९२० मध्ये स्वित्झर्लंडच्या लूझर या डॉक्टरने मऊ पडलेल्या हाडांत आडव्या पट्ट्या दिसतात असं दाखवलं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या मिल्कमन नावाच्या एक्स-रे डॉक्टरने तशाच पट्ट्यांबद्दल लिहिलं, त्याची रुग्ण एक बाई होती. या पट्ट्या पुष्कळदा खुब्याच्या मानेच्या आतल्या बाजूलाच असतात. इथे ओझं जास्त असेलच असं नाही, हाडच कच्चं असतं, त्यात चुना भरलेला नसतो. आपल्या देशात कॅथलीन व्हॉन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९२८ मध्ये पडद्याच्या चालीवर पुस्तक लिहिलं. काश्मीरमध्ये घराच्या अंधारात कोंडलेल्या बायांची हाडं मऊ होत, कंबर आवळून जाई आणि बाळंतपणात जीव जाई. नावेवर उघड्यावर राहणाऱ्या गरीब बायांना मात्र हे होत नसे. ऊन मिळणं न मिळणं, एवढाच फरक.

मग आपण तर उन्हातच असतो, आपलं हाड का कच्चं राहावं? ऊन हा निम्मा भाग झाला. हाडात भरायचा माल ताटातून यावा लागतो. आमच्या आज्या नागलीची भाकरी खात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. डोंगरावरची नागली कमी झाली, रेशनचा तांदूळ आला. पोट भरतं, पण हाड उपाशी राहतं. शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाल्लेली सुकट अजून आपल्या हातात आहे.

याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या काय खातात ते लिहून ठेवलं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर डेक्सा नावाच्या मशीनने, म्हणजे अगदी थोड्या एक्स-रेने हाडातला चुना मोजणाऱ्या यंत्राने, त्या मुलांची हाडं तपासली. ज्या आया गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या असं कॅल्शियमचं खाणं जास्त वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांच्या हाडांत चुना जास्त भरला होता. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. आईच्या ताटाचा हिशेब सहा वर्षांनी मुलाच्या हाडांत मोजता आला.

गरोदर बायांबद्दल आणखी एक. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तीन बायांची हकिकत छापली. शेवटच्या महिन्यांत त्यांचा खुबा दुखायला लागला, आणि फोटोत खुब्याचं हाड विरळ झालेलं दिसलं. बाळंतपणानंतर ते आपोआप भरून आलं. पण विरळ असताना ते मोडू शकतं. गरोदरपणात असं व्हायचंच, म्हणून आपण ज्या दुखण्याकडे काणाडोळा करतो, त्यातलं एखादं असं असतं. पोटुशी असाल तर फोटो काढायच्या आधी सिस्टरना ते सांगायचं. मग एक्स-रे काढायचा की एमआरआय, की थांबायचं, हे डॉक्टर ठरवतील.

आम्हाला सगळ्यात पटलेली हकिकत ऑस्ट्रेलियाची आहे. तिथल्या सैन्यात बायांची भरती होते. कूच करताना सगळ्यांनी एकाच लांबीचं पाऊल टाकायचं, आणि ते पाऊल उंच पुरुषांच्या मापाचं. मागे राहू नये म्हणून बुटक्या बाया ढांगा टाकत. त्यांच्या कंबरेच्या हाडाला तडे जायला लागले, एका वेळी शंभरातल्या अकरा जणींना. मग तिथे काही साधे बदल केले. चालण्याचा वेग कमी केला, जिला जेवढं जमेल तेवढं पाऊल टाकू दिलं, धावायला मऊ जमीन दिली. तड्यांचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. १९९९ मध्ये हे छापून आलं. मशीनने तडा दाखवला, पण तो थांबला तो पाऊल आपल्या मापाचं झाल्यावर.

आता कामाचं बोलतो. जांघेत, खुब्यात किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, पाय टेकल्यावर वाढत असेल, बसल्यावर कमी होत असेल, आणि त्याच्या आधी काम एकाएकी वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना हे चारही सांगा. नुसतं पाय दुखतो म्हणू नका. किती खेपा, कधीपासून, पाळी नीट येते का, हेही सांगा. फोटो चांगला आला आणि दुखणं तसंच राहिलं तर त्यांना विचारा, साहेब, नवा तडा फोटोत दिसत नाही ना, मग पुढची तपासणी करायची का? असं विचारणं उद्धटपणा नाही. एमआरआयला लगेच जाणं जमत नसेल तर त्या पायावर वजन टाकायचं नाही आणि साधारण दोन आठवड्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, पुन्हा फोटो काढायचा. मधल्या काळात पाय ओढून, पिळून, तुडवून घ्यायचा नाही. एका पायावर उडी मारून बघायचं नाही, काही जणी बघतात. आणि दुखणं एकदम वाढलं, पाय टेकवेनासा झाला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी निघा. एमआरआयची सोय ठाण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत असते. चिठ्ठी इथूनच लिहून घ्या. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

एमआरआयला जाताना अंगावर धातूचं काही चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातली पिन, सगळं काढावं लागतं. आमच्या एका मावशींनी मंगळसूत्र काढायला नकार दिला आणि तपासणी न करता परत आल्या, दिवसभराचा खाडा करून. आता आम्ही जाताना हळदीत भिजवलेला दोरा बरोबर नेतो. तेवढ्यापुरता तो गळ्यात. पोटात तांबी असेल, अंगात जुनी पट्टी किंवा स्क्रू असेल तर आधीच सांगायचं. मशीन फार ठोकल्यासारखा आवाज करतं, पण दुखत नाही.

शेवटी यंदाची गोष्ट. जवळच्याच पाड्यावरची एक पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. दोन महिन्यांवर ग्राउंड आलं म्हणून तिने एकदम पहाट-संध्याकाळ नाशिक हायवेच्या कडेने डांबरावर धावायला सुरुवात केली. वजन कमी व्हावं म्हणून एक वेळ जेवायची. पाळी तीन महिने आलेली नव्हती, ते तिला बरंच वाटत होतं, सरावात खाडा नाही म्हणून. जांघेत दुखायला लागलं. फोटो काढला, चांगला आला. ती पुन्हा धावायला निघाली होती. आमच्या त्या मैत्रिणीने तिला रस्त्यात गाठलं आणि स्वतःचा आखूड पाय दाखवला.

पहिली लोकल पकडून आम्ही तिघी तिच्याबरोबर गेलो. तपासणीची तारीख मिळेपर्यंत तिला एक दिवससुद्धा पाय टेकू दिला नाही. एमआरआयमध्ये तडा दिसला. खालच्या बाजूला होता. ऑपरेशन लागलं नाही, कुबड्या मिळाल्या आणि खाण्यापिण्याची यादी. या खेपेची भरती हुकली, म्हणून ती आठ दिवस आमच्याशी बोलत नव्हती. आता बोलते. बसल्या बसल्या लेखी परीक्षेचा अभ्यास करते आणि आमच्या मैत्रिणीला रोज विचारते की तुमचा पाय कसा आहे.

तिच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुबड्यांवर हिला बसवली तर पाणी कोण आणील? सध्या त्यांच्या घरचं पाणी गटाच्या पाळीने जातं. एका खेपेला एकच हंडा, वर कळशी नाही, असं ठरलंय. सोमवार-गुरुवार आमची पाळी असते.